परमुलखातले बाळंतपण आणि तयार हातांचा हिशेब

संयुक्त अरब अमिरातीत परदेशी आईबापांच्या पोटी मूल जन्माला आले की त्या दिवसापासून १२० दिवसांची मुदत चालू होते. या मुदतीत जन्माचा दाखला मिळवायचा, त्यासाठी विवाहाचा दाखला पुढे करायचा, भारतीय वकिलातीत जन्माची नोंद करून तान्ह्या बाळाच्या नावाने पारपत्र काढायचे आणि मग त्या पारपत्रावर वास्तव्याचा परवाना मिळवायचा. मुदत टळली की दर दिवसाचा दंड सुरू होतो. ज्याला अजून नीट पालथे पडता येत नाही ते मूल कायद्याच्या दृष्टीने विनापरवाना राहणारा परदेशी ठरते.

आखाती देशांत सुमारे ९० लाख भारतीय राहतात. केरळ, आंध्र, तेलंगण, तामिळनाडू, राजस्थान, उत्तर प्रदेश आणि बिहार येथून ते गेलेले आहेत. रत्नागिरी व रायगड जिल्ह्यांतील खाडीकाठच्या गावांतून आणि गोव्यातूनही गेलेले आहेत. कमावत्या वयाची माणसे हीच तेथील परदेशी वस्तीची मुख्य संख्या. जेथे तरुण स्त्रीपुरुष राहतात तेथे मुले जन्मणार, ही निसर्गाची रीत आहे. परंतु तेथील श्रमव्यवस्थेची रचनाच अशी आहे की, तिला माणसाचे काम हवे असते, माणसाचा संसार नको असतो. ही विसंगती बाळंतपणाच्या वेळी जितकी उघडी पडते तितकी अन्य कोणत्याही वेळी पडत नाही. म्हणूनच परदेशातील बाळंतपण हा एखाद्या कुटुंबाच्या खासगी आनंदाचा वा अडचणीचा विषय म्हणून सोडून देता येत नाही. तो कामगारांच्या हक्कांचा प्रश्न आहे.

एक शब्द, चार दारे

परदेशी जाऊन राहिलेल्या माणसासाठी इंग्रजीत ‘एक्स्पॅट’ असा एक सुटसुटीत शब्द आहे. आखातातील इंग्रजी वृत्तपत्रे तो सर्वांनाच लावतात: बँकेच्या व्यवस्थापकालाही आणि इमारतीच्या परातीवर उन्हात उभ्या राहणाऱ्या गवंड्यालाही. शब्द एक असला तरी प्रसूतिगृहाची दारे मात्र वर्गागणिक वेगळी आहेत.

पहिले दार मोठ्या पगाराच्या अधिकाऱ्याच्या पत्नीचे. तिच्या पतीच्या कंपनीने बहुधा सर्व कुटुंबाचा विमा उतरवलेला असतो. दुबई, अबू धाबी किंवा दोहा येथील अद्ययावत रुग्णालयात तिची प्रसूती होते, आणि अनेकदा ती मायदेशातील कित्येक रुग्णालयांपेक्षा अधिक सुरक्षित होते, हे मान्य केले पाहिजे. तिला सासर-माहेरच्या माणसांची उणीव भासते, डिंकाचे लाडू टपालाने मागवावे लागतात, बाळाला न्हाऊमाखू घालणारी जाणती बाई मिळत नाही. हे एकाकीपण खोटे नाही. परंतु पैसा आणि कागद या दोन्ही बाबतींत तिची वाट मोकळी असते.

दुसरे दार परिचारिकेचे. आखातातील रुग्णालयांत केरळच्या परिचारिकांनी दोन पिढ्या काम केले आहे. ही स्त्री रात्रपाळीत इतरांची बाळंतपणे पार पाडते. तिच्या स्वतःच्या बाळंतपणासाठी अमिरातीच्या २०२१ सालच्या कामगार कायद्याने ६० दिवसांची रजा दिली आहे: ४५ दिवस पूर्ण पगारी आणि १५ दिवस अर्धपगारी. कतारच्या २००४ सालच्या कायद्यात ही रजा ५० दिवसांची आहे, आणि तीही एक वर्षाची नोकरी पूर्ण झाली असेल तरच. बाळंतिणीने सव्वा महिना उंबरठा ओलांडू नये अशी आपल्याकडे जुनी रीत आहे. तो सव्वा महिना संपून आठवडा उलटतो न उलटतो तोच अमिरातीतील परिचारिकेची पूर्ण पगाराची रजा संपते. पाळणाघर परवडत नाही. आजीला बोलवावे तर भेटीचा परवाना ठरावीक मुदतीचा मिळतो. मग काही महिन्यांचे मूल एखाद्या नातेवाइकाबरोबर कोट्टायम किंवा पत्तनमतिट्टा येथे आजीकडे धाडले जाते. आईचे दूध आटते, पगार चालू राहतो. पुढे वर्षानुवर्षे ते मूल आईला दूरध्वनीच्या पडद्यावर ओळखते.

तिसरे दार मजुराचे. खरे म्हणजे ते दारच नाही. अमिरातीत पत्नी व मुलांना सोबत ठेवायचे तर २०१९ सालापासून व्यवसायाची अट काढून उत्पन्नाची अट ठेवण्यात आली: महिना किमान ४,००० दिरहॅम, अथवा ३,००० दिरहॅम व राहण्याची जागा. नियम वरकरणी समान आहे, परंतु मजुरांच्या छावणीत एका खोलीत अनेकांबरोबर राहणाऱ्या बांधकाम कामगाराला हा आकडा सहसा गाठता येत नाही. त्याची पत्नी गावीच राहते. तिला दिवस गेल्याची बातमी त्याला दूरध्वनीवरून कळते आणि मूल पाहायला तो पुढल्या सुटीत येतो, तेव्हा ते चालू लागलेले असते. त्याचे मूल परदेशात जन्मत नाही, पण परदेश त्याच्या जन्माच्या आड उभा राहतो.

चौथे दार घरकामगार स्त्रीचे, आणि ते सर्वांत अरुंद. आखाती देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी मायदेशातील मान्यताप्राप्त केंद्रांत होते. त्या तपासणीत स्त्री गर्भवती आढळली तर ती अपात्र ठरते. क्षयरोग, कावीळ आणि गर्भारपण ही एकाच यादीतली कारणे आहेत. तेथे पोहोचल्यावर तिचा परवाना मालकाच्या नावाशी बांधलेला असतो. यालाच कफाला म्हणजे प्रायोजकत्वाची पद्धत म्हणतात. तिचे घर म्हणजे मालकाचे घर. तेथे तिला दिवस गेले तर नोकरी, निवारा आणि वास्तव्याचा हक्क ही तिन्ही एकाच वेळी धोक्यात येतात. विवाहबाह्य संबंध हा तेथे दीर्घकाळ फौजदारी गुन्हा होता, आणि स्त्रीच्या बाबतीत गर्भ हाच त्या गुन्ह्याचा पुरावा मानला जाई. ज्या स्त्रीवर अत्याचार झाला तिलाही तक्रार करण्यापूर्वी आपणच आरोपी ठरू या भीतीचा विचार करावा लागे. अमिरातीने २०२२ च्या जानेवारीपासून अंमलात आणलेल्या नव्या दंडविधानात या बाबतीत काही सैलपणा आणला आहे. आता विवाहाबाहेर जन्मलेल्या मुलाच्या आईबापांनी विवाह केला किंवा मुलाला आपले म्हणून मान्य केले व कागदपत्रे केली, तर शिक्षा टळते. तसे न केल्यास तुरुंगवासाची तरतूद कायम आहे. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु ज्या मुलाचा बाप जबाबदारी टाळून निघून गेला, त्या मुलाच्या एकट्या आईसाठी हे कागद गोळा करणे किती कठीण आहे हे सांगावयास नको. अशी मुले नोंदीवाचून वाढतात. २०२४ साली सप्टेंबर ते डिसेंबर या काळात अमिरातीने विनापरवाना राहणाऱ्यांना जी माफी दिली, तीत तेथेच जन्मलेल्या पण कागद नसलेल्या मुलांचा समावेश करावा लागला. जन्मल्याबद्दल माफी मिळवावी लागणारे बालक ही आधुनिक जगाच्या अर्थव्यवस्थेची विलक्षण निर्मिती म्हटली पाहिजे.

तान्ह्या बाळावरील पट्टी

सौदी अरेबियाने १ जुलै २०१७ पासून परदेशी कामगारांवर अवलंबून असणाऱ्या प्रत्येक कुटुंबीयामागे महिना १०० रियालची पट्टी बसवली. २०१८ मध्ये ती २०० झाली, २०१९ मध्ये ३०० आणि २०२० मध्ये ४००. पाळण्यातले मूलही या हिशेबात अवलंबून असणारी एक व्यक्तीच होते. म्हणजे २०२० साली तेथे राहणाऱ्या मध्यम पगाराच्या भारतीयाला बायको व दोन मुले यांच्यापायी वर्षाला १४,४०० रियाल केवळ त्यांच्या असण्याबद्दल द्यावे लागत. या पट्टीच्या काळात असंख्य कुटुंबांनी बायकामुलांना गावी पाठवून दिले आणि बाप पुन्हा एकटा, सामाईक खोलीत राहू लागला.

या धोरणामागील गणित समजून घेणे आवश्यक आहे. मजुरीत केवळ मजुराचे आजचे जेवण येत नाही. उद्या त्याची जागा घेणाऱ्या त्याच्या मुलांचे पोषणही तीत धरलेले असते, हे मार्क्सने १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडातच दाखवून दिले होते. परदेशी मजूर ठेवणाऱ्या भांडवलाला या नियमातून एक पळवाट सापडली आहे. कामगार बावीस वर्षांचा होईपर्यंतचा त्याच्या जन्माचा, दुधाचा, लसींचा, शाळेचा खर्च केरळने, आंध्रने किंवा कोकणाने करावयाचा. तयार झालेले हात तेवढे आयात करावयाचे. आणि ते हात थकले, आजारी पडले किंवा त्यांच्या कडेवर मूल आले की परत पाठवून द्यावयाचे. पुढली पिढी वाढवण्याचा खर्च सीमेपलीकडे ढकलला की मजुरी तितकीच स्वस्त पडते. प्रसूतिरजा आखूड असणे, कुटुंबासाठी पगाराची अट असणे, गर्भारपण अपात्रतेच्या यादीत असणे आणि बाळावर पट्टी असणे, हे सुटे सुटे अन्याय नाहीत. ते एकाच हिशेबाचे वेगवेगळे रकाने आहेत.

जे मूल या सर्व अडथळ्यांतून तेथे जन्मते आणि वाढते त्याची स्थितीही तात्पुरतीच राहते. आखाती देशांत जन्माने नागरिकत्व मिळत नाही. दुबईत जन्मलेला, तेथेच शिकलेला मुलगा बापाच्या परवान्यावर राहतो. २०२२ सालापूर्वी ही सवलत सर्वसाधारणपणे त्याच्या अठराव्या वर्षापर्यंत होती, नंतर ती पंचविसाव्या वर्षापर्यंत वाढवण्यात आली. बापाची नोकरी गेली की जन्मगाव सोडावे लागते.

प्रश्न धर्माचा नाही

आपल्याकडील काही वृत्तपत्रे हा सारा विषय अरबांच्या किंवा इस्लामच्या माथी मारून मोकळी होतात. ही समजूत दिशाभूल करणारी आहे. सिंगापूर हे धर्मनिरपेक्ष, आधुनिक आणि कमालीचे शिस्तबद्ध नगरराज्य. तेथे मिझोराम, मणिपूर, दार्जिलिंग आणि तामिळनाडू येथील स्त्रियाही घरकामासाठी जातात. त्यांच्या परवान्याच्या अटींतच असे लिहिलेले आहे की, त्यांनी सिंगापुरात गर्भवती होऊ नये व मूल जन्माला घालू नये. अपवाद फक्त सरकारच्या संमतीने स्थानिक नागरिकाशी वा कायम रहिवाशाशी विवाह झालेल्यांचा. त्यांची दर सहा महिन्यांनी वैद्यकीय तपासणी होते व तीत गर्भचाचणीही असते. त्याच नगरात ठरावीक पातळीच्या वर पगार असलेल्या परदेशी अधिकाऱ्याला मात्र बायकामुले आणण्याची मुभा आहे. मशिदीचा वा मंदिराचा येथे काहीही संबंध नाही. दोन्हीकडे रेषा ओढली आहे ती पगाराच्या आकड्यावर. धर्माचे आणि नीतीचे शब्द त्या रेषेला झाकण्यासाठी काही ठिकाणी वापरले जातात, काही ठिकाणी त्यांचीही गरज भासत नाही, एवढाच फरक.

“तेथे जा असे कोणी सांगितले होते?”

या युक्तिवादाला दुसरे एक उत्तर नेहमी दिले जाते. ही माणसे स्वखुशीने गेली, करारावर सही करून गेली, तेथे पैसा मिळवतात; मग तक्रार कशाची? पैसा मिळतो हे खरेच आहे. परदेशातील भारतीयांनी २०२२ सालापासून दरवर्षी १०० अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मायदेशी पाठवली आहे. कोकणातील कित्येक गावांतील चिऱ्याची पक्की घरे, मुलींची महाविद्यालयीन शिक्षणे आणि म्हाताऱ्यांची औषधे या पैशावर उभी आहेत. म्हणून कोणी जाऊच नये असे म्हणणे हा उपाय नव्हे, आणि जाणाऱ्यांना लोभी म्हणणे हा तर शुद्ध अन्याय होईल. परंतु जिच्या गावी काम नाही तिने परदेशी कामाच्या करारावर केलेली सही ही कितपत स्वखुशीची असते, हे गिरणीच्या दारात उभे राहिलेल्या कोणत्याही कामगाराला विचारावे. आणि सही श्रम विकण्याची असते. आई होण्याचा हक्क विकण्याची नसते. एकोणिसाव्या शतकातील कारखानदारही बाळंतिणीला कामावरून काढताना कराराचेच नाव घेत. तो युक्तिवाद जगभरच्या कामगार चळवळीने मोडून काढला, तेव्हा १९१९ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा प्रसूतिसंरक्षणाचा पहिला करार झाला. २००० सालच्या १८३ क्रमांकाच्या कराराने किमान १४ आठवड्यांची रजा ठरवली. घरकामगारांसाठी २०११ सालचा १८९ क्रमांकाचा करार आहे. स्थलांतरित कामगारांसाठी संयुक्त राष्ट्रसंघाचा १९९० सालचा करार आहे. त्याच्या २९ व्या कलमाने अशा कामगाराच्या प्रत्येक मुलाला नाव, जन्माची नोंद आणि राष्ट्रीयत्व यांचा हक्क दिलेला आहे. आखाती देशांनी १९९० चा करार स्वीकारलेला नाही. परंतु भारताने तरी कोठे स्वीकारला आहे? वरील तिन्ही करारांपैकी एकालाही भारत सरकारने मान्यता दिलेली नाही. जो देश जगात सर्वाधिक स्थलांतरित पाठवतो, त्याने त्यांच्या मुलांच्या नोंदीच्या हक्कावर सही करू नये, यात दिल्लीची वृत्ती स्पष्ट होते.

दिल्लीचे काम

परकीय राज्यांकडे बोट दाखवणे सोपे आहे. भारत सरकारने स्वतःच्या अखत्यारीत काय केले, हे पाहिले पाहिजे. दहावी न झालेल्या, तीस वर्षांखालील स्त्रियांना घरकामासाठी आखातात जाऊ न देण्याचे धोरण सरकारने अनेक वर्षे चालवले. संरक्षणाच्या नावाने घातलेली ही बंदी म्हणजे मूल होण्याच्या वयाच्या स्त्रीला घरी बसवण्याचाच प्रकार होता. कडप्पा आणि गोदावरी जिल्ह्यांतून कुवेतला जाणाऱ्या गरीब स्त्रिया त्यामुळे थांबल्या नाहीत. अनेकजणी दलालामार्फत, भेटीच्या परवान्यावर गेल्या, आणि सरकारी नोंदीच्या बाहेर पडल्यामुळे संकटकाळी अधिकच निराधार झाल्या.

२०२० सालच्या साथीत हे निराधारपण सर्वांना दिसले. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आपल्या देशात अनेक ठिकाणी आहे, आणि आखातातील कमी पगाराच्या कुटुंबांसाठी ती पैशाचीही गरज आहे. दुबईत २०१३ सालच्या कायद्याने कामगाराचा विमा मालकावर बंधनकारक केला, परंतु बायकामुलांचा विमा त्यांना आणणाऱ्यावर, म्हणजे बहुधा कामगारावरच टाकला. दिवस भरत आले की विमान कंपन्या गर्भवतीला घेत नाहीत. मार्च २०२० मध्ये भारताने विमाने बंद केली, तेव्हा परतीची तिकिटे हातात असलेल्या शेकडो गर्भवती स्त्रिया तेथे अडकल्या. आठवडे सरत होते, आणि परतीचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात न्यावा लागला. ७ मे २०२० पासून विमाने सुटली, त्यांत गर्भवतींना अग्रक्रम मिळाला. तोवर अनेकींचे नववे महिने उजाडले होते.

सरकारला करता येण्यासारखे काम पुष्कळ आहे आणि त्यासाठी कोणा सुलतानाची परवानगी लागत नाही. नागरिकत्व कायद्याच्या चौथ्या कलमानुसार परदेशात जन्मलेल्या भारतीय मुलाची नोंद वकिलातीत एक वर्षाच्या आत करावी लागते. त्यानंतर केंद्र सरकारच्या अनुज्ञेची वाट धरावी लागते. ज्या आईजवळ विवाहाचा दाखला नाही, ज्या आईचे पारपत्र मालकाच्या कपाटात आहे, तिच्या मुलाची नोंद आईच्या नावावर व विनाविलंब करण्याची स्पष्ट आज्ञा वकिलातींना देता येईल. २००९ साली स्थापन झालेल्या भारतीय समाज कल्याण निधीतून निराधार बाळंतिणीचा रुग्णालयाचा खर्च, दंड व परतीचे भाडे देण्याचा नियम करता येईल. प्रत्येक वकिलातीत घरकामगार स्त्रियांची भाषा जाणणारी स्त्री अधिकारी नेमता येईल. तेलुगू, मल्याळी, तामिळ वा कोकणी बोलणारी बाई इंग्रजी अर्जाच्या खिडकीपुढून परत फिरते, हे वर्षानुवर्षे चालले आहे. आणि जेव्हा या देशांशी व्यापाराचे मोठमोठे करार होतात, तेव्हा तेलाच्या व सोन्याच्या कलमांशेजारी प्रसूतिरजेचे एक कलम मागण्याचे धैर्य दाखवता येईल.

घरातला आरसा

हे सर्व मागताना एका गोष्टीचा विसर पडता कामा नये. भारतात १९६१ सालच्या प्रसूतिलाभ कायद्याने दिलेली रजा २०१७ साली २६ आठवड्यांपर्यंत वाढली, पण देशातील बहुसंख्य कष्टकरी स्त्रिया असंघटित क्षेत्रात असल्यामुळे तिच्यापासून दूरच राहिल्या. स्वदेशातच परमुलखी जाणाऱ्या स्त्रीची काय अवस्था आहे? बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी २०१९ साली सरकारी समितीने केली, तेव्हा पाहणीतील ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढून टाकलेली आढळली. कामाचा खाडा म्हणजे दंड, या उचल देणाऱ्या मुकादमाच्या व्यवहारात गर्भाशय हीच अडचण ठरली. सिंगापूरची अट आणि मुकादमाचा खाडा यांत कागदाचा फरक आहे, हेतूचा नाही. जो दिल्लीत किंवा मुंबईत बसून बीडच्या बाईविषयी गप्प राहतो, त्याला दुबईतील बाईविषयी बोलण्याचा अधिकार मिळत नाही. या दोघींची मागणी एकच आहे, आणि ती एकत्र मांडली तरच तिला जोर येईल.

अमिरातीचा कायदा बाळाला कागद जमवण्यासाठी १२० दिवस देतो. त्या बाळाला जवळ घेऊन बसण्यासाठी त्याच्या आईला ६० दिवस देतो, आणि ती घरकामगार असेल तर या कायद्याच्या बाहेरच ठेवतो. चौदा आठवडे म्हणजे ९८ दिवस. जगातील कामगारांनी शंभर वर्षांच्या झगड्यानंतर मान्य करून घेतलेला हा किमान आकडा आहे. जी स्त्री मूल जन्माला घालते ती कोणत्या देशाच्या परवान्यावर उभी आहे, तिचा पगार किती, तिच्याजवळ विवाहाचा कागद आहे की नाही, यांपैकी कशावरही हे ९८ दिवस अवलंबून असता कामा नयेत. इतकी साधी ही मागणी आहे. ती प्रथम स्वतःच्या सरकारकडून मान्य करून घेणे, हे मायदेशात राहिलेल्यांचे काम आहे. कारण जे परमुलखात आहेत त्यांना तेथे संघटना बांधण्याचा हक्क नाही, आणि जे नुकतेच जन्मले आहेत त्यांना अजून बोलता येत नाही.